सरासरी क्वार्टरबॅकला एवढे पैसे परवडतात का? एका ‘साध्या’ प्रश्नाचा इतिहास

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर रेव्हन्स या फुटबॉल संघाने जो फ्लॅको या क्वार्टरबॅकशी सहा वर्षांचा, १२ कोटी ६ लाख डॉलरचा करार केला. वर्षाला साधारण २ कोटी डॉलर. त्या दिवशी तो लीगमधला सगळ्यात महाग खेळाडू ठरला. गंमत म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंचा जो ‘प्रो बोल’ नावाचा सन्मान असतो, त्यासाठी फ्लॅकोची तोपर्यंत एकदाही निवड झाली नव्हती. चांगला खेळाडू होता, पण लीगमधला सर्वोत्तम तो आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

मग एवढे पैसे देणं बरोबर होतं का? हा प्रश्न चहाच्या टपरीवरच्या वादासारखा वाटतो. पण पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठी मला तो फार उपयोगी वाटतो. आकडे सगळे जाहीर आहेत, निकाल दर आठवड्याला लागतो, आणि तरीही उत्तर देताना बहुतेक लोक त्याच तीन-चार ठिकाणी घसरतात. आपल्या प्रबंधातही आपण तिथेच घसरतो. म्हणून आज हा इतिहास जरा सविस्तर.

खेळ आणि पैसा, थोडक्यात

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. व्यावसायिक लीगचं नाव एनएफएल, संघ ३२. आक्रमण करणाऱ्या ११ जणांत क्वार्टरबॅक हा चेंडू हातात घेऊन निर्णय घेणारा माणूस. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातातून जाते. त्यामुळे तो वाईट असेल तर बाकी संघ कितीही चांगला असो, गाडी अडते.

पैशाचा इतिहासही बघू. १९६५ मध्ये जो नेमथ या तरुण क्वार्टरबॅकला न्यूयॉर्क जेट्सने ४ लाख २७ हजार डॉलर दिले आणि सगळे थक्क झाले. तेव्हा दोन लीग एकमेकींशी स्पर्धा करत होत्या, म्हणून भाव चढला. १९६६ मध्ये विलीनीकरण ठरलं, ती स्पर्धा संपली आणि खेळाडूंची घासाघीस करण्याची ताकदही आटली. संघ बदलायचं खरं स्वातंत्र्य मिळायला न्यायालयीन लढाया लढाव्या लागल्या. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील याच्या खटल्यात ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या करारात मोकळेपणाने संघ बदलण्याचा हक्क आला. त्या बदल्यात मालकांनी १९९४ पासून ‘सॅलरी कॅप’ मिळवली, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक पर्स असते, तसंच काहीसं.

पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०१३ मध्ये १२ कोटी ३० लाख, आणि २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख.

इथेच पहिली सूचना लिहून ठेवा. वेगवेगळ्या वर्षांचे डॉलर शेजारी ठेवू नका, मर्यादेतला वाटा शेजारी ठेवा. फ्लॅकोची वार्षिक सरासरी २०१३ च्या मर्यादेच्या साधारण १६ टक्के होती. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने डॅनियल जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलर कबूल केले. आकडा दुप्पट वाटतो, पण त्या वर्षीच्या २२ कोटी ४८ लाखांच्या मर्यादेत तो वाटा १८ टक्क्यांच्या आसपास येतो. वाढ आहे, पण दुप्पट नक्कीच नाही.

आणखी एक. एनएफएलमध्ये वर्तमानपत्रात छापून येणारी रक्कम आणि हमीची रक्कम वेगळी असते. फ्लॅकोच्या करारात हमीचा भाग निम्म्याहून कमी होता. म्हणजे ‘१२ कोटींचा करार’ हे चल नेमकं काय मोजतं, ते आधी ठरवायला हवं. व्याख्या न तपासता आकडा उचलला की पुढचं सगळं विश्लेषण वाळूवर उभं राहतं.

२०११ : स्वस्त पर्याय आला

माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष २०११ आहे. नवे खेळाडू कॉलेजमधून ‘ड्राफ्ट’मार्फत येतात. आदल्या हंगामात शेवटी राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यात ५ कोटी हमीचे. लीगमध्ये एकही चेंडू न फेकता! २०११ मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात नवा करार झाला आणि नवोदितांच्या पगाराला ठरावीक श्रेणी लागू झाली. त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात केवढी घसरण, बघा.

खालच्या फेऱ्यांत तर आणखी स्वस्त. सिअ‍ॅटलने २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेल्या रसेल विल्सनचा चार वर्षांचा करार साधारण ३० लाख डॉलरचा होता. वाचलेला पैसा बचाव फळीकडे आणि इतर खेळाडूंकडे वळवता आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटलने सुपर बोल जिंकला.

अर्थशास्त्रातला साधा नियम सांगतो, की पर्याय स्वस्त झाला तर जुन्या वस्तूचा भाव उतरायला हवा. सरासरी क्वार्टरबॅकचा भाव उतरला नाही, उलट चढला. खरं कोडं हे आहे.

याला तीन कारणं दिसतात. पहिलं, टंचाई. संघ ३२, पण भरवशाचे क्वार्टरबॅक तेवढे कधीच नसतात. दुसरं, ‘फ्रँचायझी टॅग’ नावाचा नियम. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ एक वर्ष अडवून ठेवू शकतो, पण त्या जागेवरच्या सर्वांत महाग खेळाडूंच्या हिशेबाने पैसे मोजून, आणि दुसऱ्या वर्षी त्यावर २० टक्के जास्त देऊन. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ मध्ये असं १ कोटी ९९ लाखांना अडवलं, २०१७ मध्ये २ कोटी ३९ लाखांना. त्यानंतर कझिन्स त्याहून कमी का घेईल? प्रत्येक नवा करार हा आधीच्या कराराच्या खांद्यावर चढतो. तिसरं कारण मानवी आहे. महागडा सरासरी क्वार्टरबॅक घेऊन ८ सामने जिंकणारा व्यवस्थापक टिकतो. स्वस्तातला प्रयोग करून ३ सामने जिंकणाऱ्याची नोकरी जाते. निर्णय घेणाऱ्याचं हित आणि संघाचं हित इथे वेगळं होतं.

संघ आपल्याच निवडीची किंमत वाढवून लावतात, हे संशोधनातही दिसलं आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा ‘द लूझर्स कर्स’ हा शोधनिबंध २०१३ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये आला. जुन्या पगारपद्धतीच्या काळात ड्राफ्टमधल्या अगदी वरच्या निवडींसाठी संघ त्यांच्या मोलापेक्षा जास्त मोजत होते, असं त्यांनी दाखवलं. हेच थेलर पुढे २०१७ चे नोबेल विजेते झाले. अवश्य वाचा, प्रश्न मोजण्याजोगा कसा करायचा याचा तो नमुना आहे.

फ्लॅको : आधी आणि नंतर

२००८ ते २०१२ या पाच हंगामांत, फ्लॅको नवोदिताच्या करारावर असताना, रेव्हन्सने साखळी सामन्यांत ५४ विजय आणि २६ पराभव मिळवले. मोठ्या करारानंतरच्या पाच हंगामांत, २०१३ ते २०१७, त्यांचा हिशोब बरोबर ४० विजय आणि ४० पराभव. सरासरी याहून अचूक कशी दाखवणार!

म्हणजे कराराने संघ बुडाला? थांबा. ही ‘आधी-नंतर’ तुलना आहे आणि मधल्या काळात बऱ्याच गोष्टी बदलल्या. बचाव फळीचा आधारस्तंभ रे लुईस निवृत्त झाला. एड रीड दुसऱ्या संघात गेला. अँक्वान बोल्डिन या अनुभवी रिसीव्हरला सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. यातलं बोल्डिनचं जाणं पैशाच्या ओढाताणीशी जोडता येतं, लुईसची निवृत्ती वयाशी. दोन्हीचं खापर एकाच करारावर फोडता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म. करार कशाच्या जोरावर झाला? २०१२ च्या हंगामानंतरच्या चार बाद-फेरी सामन्यांच्या. त्यात फ्लॅकोने ११ टचडाऊन पास फेकले, एकही इंटरसेप्शन नाही, आणि सुपर बोल जिंकला. पण त्याच वर्षी १६ साखळी सामन्यांत त्याचे टचडाऊन पास २२ आणि इंटरसेप्शन १० होते. चार सामने हा नमुना केवढा? पुढच्या हंगामात १९ टचडाऊन आणि २२ इंटरसेप्शन झाले, संघ ८-८ वर राहिला आणि बाद फेरीत पोचलाच नाही. फार चांगल्या क्षणानंतरचा क्षण बहुधा सरासरीकडे झुकतो. १९ व्या शतकात फ्रान्सिस गॉल्टनने उंचीच्या अभ्यासात हेच टिपलं होतं. करार नेमके शिखरावर होतात, म्हणून नंतरची घसरण जवळजवळ ठरलेलीच असते. त्यासाठी खेळाडू आळशी झाला असं मानायची गरज नाही.

याच रेव्हन्सने आधी उलटाही निर्णय घेतला होता. २००० च्या हंगामात ट्रेंट डिल्फर या साध्या क्वार्टरबॅकसह, जबरदस्त बचावाच्या बळावर, त्यांनी सुपर बोल जिंकला आणि लगेच डिल्फरला सोडून एल्विस ग्रबॅकला आणलं. ग्रबॅक एका हंगामानंतर निवृत्त झाला. म्हणजे सरासरी माणूस सोडला तरी वरचा मिळेलच, याची खात्री नव्हती.

कझिन्स : ‘कशाच्या तुलनेत?’

२०१७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सने केस कीनम या २० लाख डॉलरच्या क्वार्टरबॅकसह १३ सामने जिंकले, ३ हरले. त्या वर्षी सर्वांत कमी गुण देणारा बचाव त्यांचाच होता. पुढच्या वर्षी त्यांनी कझिन्सला तीन वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख दिले, तेही पूर्ण हमीचे. एनएफएलमध्ये ही तेव्हा अगदी दुर्मीळ गोष्ट होती. २०१८ मध्ये कझिन्सने ३० टचडाऊन फेकले आणि १० इंटरसेप्शन दिले. कामगिरी नीटच. संघ मात्र ८ विजय, ७ पराभव, १ बरोबरी.

कझिन्सच्या सहा वर्षांत संघाचा एकूण हिशोब ५३ विजय, ४५ पराभव, १ बरोबरी, आणि बाद फेरीत एकच विजय. २०२४ मध्ये तो चार वर्षांच्या १८ कोटींच्या करारावर अटलांटाला गेला आणि डिसेंबरमध्ये बाकावर बसला. इकडे व्हायकिंग्सने सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी १ कोटी दिले आणि साखळीत १४ सामने जिंकले, ३ हरले.

कीनम आणि डार्नल्ड ही दोन उदाहरणं समोर ठेवली की ‘स्वस्त तेच बरं’ असा निष्कर्ष तोंडावर येतो. पण ही उदाहरणं आपण निकाल लागल्यावर निवडलेली आहेत. स्वस्तातले अयशस्वी प्रयोग आठवतच नाहीत. क्लीव्हलँड ब्राऊन्सने २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांत मिळून १ सामना जिंकला आणि ३१ हरले. २०१७ मध्ये तर १६ पैकी १६. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक त्या वर्षी दुसऱ्या फेरीतला नवोदित होता, म्हणजे स्वस्त.

म्हणून ‘परवडतं का?’ या प्रश्नाला पूर्ण करणारा दुसरा प्रश्न हवा : कशाच्या तुलनेत? सर्वोत्तम क्वार्टरबॅकशी तुलना केली तर कझिन्स महाग वाटतो. ब्राऊन्सच्या ३१ पराभवांशी केली तर तो विम्याच्या हप्त्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंचे लोक तासन् तास भांडतात, कारण त्यांच्या मनातला तुलना-गट वेगळा असतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही.

जोन्स आणि बार्कली : पैसा येतो कुठून?

जानेवारी २०२३ मध्ये जायंट्सने बाद फेरीत व्हायकिंग्सला हरवलं. जोन्सने ३०१ यार्ड पास केले आणि ७८ यार्ड स्वतः धावला. दोन महिन्यांत १६ कोटींचा करार झाला. त्याच वेळी धावणारा खेळाडू सॅक्वॉन बार्कली याला दीर्घ कराराऐवजी एका वर्षाचा टॅग मिळाला. २०२३ मध्ये जोन्स दुखापतींमुळे फक्त सहा सामने खेळला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. बार्कली फिलाडेल्फियाला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाखांवर गेला, पहिल्याच हंगामात २,००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला.

इथेही सावध राहा. फिलाडेल्फियाची पुढची फळी जायंट्सपेक्षा कितीतरी मजबूत होती. बार्कली न्यूयॉर्कमध्येच राहिला असता तर तेवढाच धावला असता, असं म्हणता येत नाही.

पण या प्रकरणात एक गोष्ट स्वच्छ दिसते. मर्यादा ठरलेली असते आणि तिचा बराचसा भाग संघांना खर्च करावाच लागतो. त्यामुळे क्वार्टरबॅकला जास्त दिलेला डॉलर मालकाच्या खिशातून जात नाही, तो दुसऱ्या खेळाडूच्या ताटातून येतो. बहुतेकदा तो मधल्या फळीतल्या अनुभवी खेळाडूचा असतो. त्याची कारकीर्द छोटी, शरीर झिजलेलं आणि बातमीत नाव नाही. ‘करार वाया गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा नुकसान नेमकं कुणाचं मोजतोय, हे विचारायला हवं.

गॉफ : उलटा पुरावा

आपल्या मताविरुद्धचा भक्कम पुरावा स्वतःहून मांडायची सवय लावून घ्या. माझ्या मताविरुद्धचा पुरावा म्हणजे जॅरेड गॉफ. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला चार वर्षांसाठी १३ कोटी ४० लाख दिले. दोन हंगामांत त्यांचा विश्वास उडाला. २०२१ मध्ये गॉफ आणि सोबत पहिल्या फेरीच्या दोन निवडी व तिसऱ्या फेरीची एक देऊन त्यांनी डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं आणि त्याच हंगामाअखेर सुपर बोल जिंकला. इकडे डेट्रॉइटने त्या निवडींसह संघ हळूहळू बांधला. गॉफच्या हाताखाली २०२३ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १५ विजय मिळवले.

एकच माणूस, एकच करार, एका शहरात ओझं आणि दुसऱ्या शहरात पाया. म्हणजे ‘सरासरी’ हा गुण फक्त माणसात नसतो, तो आजूबाजूच्या संघासकट मोजला जातो.

१३ टक्क्यांचा ‘नियम’

बरीच वर्षं एक वाक्य फिरत होतं : क्वार्टरबॅकवर मर्यादेच्या १३ टक्क्यांहून जास्त खर्च करणारा संघ सुपर बोल जिंकत नाही. १९९४ चा स्टीव्ह यंग हा उच्चांक होता, साधारण १३ टक्के. मग २०२२ च्या हंगामात पॅट्रिक माहोम्सचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास असताना कॅन्सस सिटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेतेपद मिळवलं. नियम संपला. मुळात दरवर्षी ३२ पैकी एकच संघ जिंकतो, म्हणजे कुठल्याही संघाची सरासरी शक्यता ३ टक्के. एवढ्या कमी घटनांमधून ओढलेली रेषा नियम नसते, योगायोगाचा माग असतो.

मग परवडतं का?

माझं उत्तर : बहुतेक वेळा नाही. कारण करार मोठा असणं हे नाही. सरासरी आणि उत्तम यांच्या भावात फरकच उरलेला नाही, हे आहे. २०२३ मध्ये सिनसिनाटीने जो बरोला पाच वर्षांसाठी २७ कोटी ५० लाख दिले. तोवर बरोने संघाला एका सुपर बोलपर्यंत नेलं होतं. २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलने ट्रेव्हर लॉरेन्सला पाच वर्षांसाठी तेवढेच, २७ कोटी ५० लाख कबूल केले. आदल्या हंगामात त्यांचा संघ ९-८ होता, त्या हंगामात ४-१३ झाला. दोन वेगळ्या वस्तूंना एकच लेबल लावलं की विकत घेणाऱ्याचा तोटा होतो.

सरासरी क्वार्टरबॅकचा करार हा विमा आहे. तो ब्राऊन्ससारख्या संकटापासून वाचवतो, विजेतेपद आणून देत नाही. विम्याचा हप्ता विम्याएवढाच असावा. संघाची बाकी बाजू तयार असेल, हाताशी स्वस्त नवोदित नसेल आणि दोन वर्षांत बाहेर पडायची वाट करारात असेल, तर तो हप्ता भरण्यात शहाणपण आहे. या तीन अटी नसताना मर्यादेचा पाचवा हिस्सा देणं म्हणजे भीतीची किंमत मोजणं.

आता हेच तुमच्या संशोधन प्रस्तावाला लावून बघा. पहिलं, तुमचं मुख्य चल नेमकं काय मोजतं? दुसरं, तुलना-गट कोणता, आणि तो कागदावर लिहिला आहे का? तिसरं, तुमची उदाहरणं शिखरावरून किंवा निकालानंतर तर निवडलेली नाहीत ना? चौथं, तुमच्या निष्कर्षाला अडचणीत आणणारा ‘गॉफ’ तुम्ही शोधला का? पेट परीक्षेच्या मुलाखतीत किंवा संशोधन समितीसमोर पहिले प्रश्न याच चार जागांवर येतात. पुढच्या लेखात तुलना-गट कसा निवडायचा, ते प्रयोगशाळेतल्या उदाहरणांवरून बघू या.